बाळंतिणीची मुशी

आधी माफी मागते. माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते सही करायला आणि गॅसचा नंबर लिहून ठेवायला. हे कुणाला दाखवायचं म्हणून लिहीत नाही. पण परवा माझी नात ओवी ताटातल्या बोंबलाचा काटा काढता काढता म्हणाली, "आज्जी, मी बाळ होते तेव्हा मला पारा झाला होता ना?" आमच्या बोलण्यातलं काहीतरी तिनं अर्धवट ऐकलं असणार. मी म्हटलं, "नाही गं, तुला काहीच झालं नव्हतं." एवढं बोलून तिला भात वाढला. मला नीट सांगता येत नाही. चार माणसं जमली की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून लिहून बघते. चुकलेलं वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं.

ही गोष्ट ओवीची कमी आणि मथुरामावशीची जास्त आहे.

मथुरामावशी वेसाव्याची कोळीण. आम्ही अंबोलीला चाळीत राहायचो तेव्हापासून ती आमच्याकडे मासे घेऊन यायची. पुढे चाळ पाडली, तिथंच बिल्डिंग उभी राहिली, आम्ही चौथ्या मजल्यावर गेलो, तरी तिनं आम्हाला सोडलं नाही. आता येत नाही. गुडघे गेले. वेसाव्यात घरी बसून सुनेच्या धंद्यावर लक्ष ठेवते असं कळतं.

दुसऱ्या मासेवाल्या बायका विचारतात, काय देऊ? मथुरामावशीनं हा प्रश्न कधी कुणाला विचारला नाही. टोपली उतरवायची, पाटावर बसायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायची. मग तीच ठरवायची. मला म्हणायची, "सुलू, आज तुना पापलेट नाय. चेहरा बग कसा उतारलाय. बोंबील घे, पातल कालवण कर, गरम गरम पी." मी गप घ्यायची. मला पापलेट हवं होतं हे सांगायचा धीर व्हायचा नाही, आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी ते कालवण पिऊन बरंच वाटायचं.

तळमजल्यावरचे सावंतकाका मात्र वाद घालायचे. त्यांना सुरमई आवडायची.

"मला सुरमईचे तुकडे दे."

"तुमाला बांगडं देताव."

"मी पैसे देतोय ना? मग मला हवं ते दे की."

"पैसं तुमचं, पन म्हावरा माजा. कालच तुमची बायको सांगत व्हती, छातीत दुकतं म्हनून. बांगडं खावा. सुरमई पोराच्या लग्नात खावा."

"पोराचं लग्न झालंय!"

"मग संपला विषय," असं म्हणून ती बांगडे त्यांच्या पिशवीत टाकायची. म्हावरा म्हणजे त्यांच्या बोलीत मासे. तिच्या तोंडून तो शब्द असा यायचा की जणू घरातल्या माणसांबद्दल बोलते आहे.

कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कोण संकष्टी धरतं, कुणाच्या घरी सुतक आहे, सगळं तिच्या डोक्यात असायचं. एकदा मी चुकून चतुर्थीला बोंबील मागितले. तिनं टोपलीवर ओला फडका ओढला आणि म्हणाली, "गनपतीला सांगू काय?"

बिल्डिंग झाल्यावर सोसायटीनं लिफ्टबाहेर पाटी लावली. लिफ्टमधून मासे नेण्यास मनाई आहे. तिला वाचता येत नव्हतं, मला म्हणाली, वाच. मी हळूच वाचून दाखवलं. मला वाटलं आता ही आरडाओरडा करणार. पण ती म्हणाली, "बरोबर लिवलाय. वास येतो." टोपली वॉचमनच्या खुर्चीशेजारी ठेवली आणि रिकाम्या हातानं लिफ्टनं वर गेली. प्रत्येक मजल्यावर प्रत्येक बेल वाजवून कुणी आज काय खायचं ते सांगून आली. मग सगळ्या बायका खाली. गेटमध्ये ही गर्दी! सेक्रेटरींना ऑफिसला जायचं होतं, त्यांची गाडी गर्दीच्या मागे अडकली. ते हॉर्न वाजवत होते आणि मावशी त्यांच्या बायकोला कोळंबी निवडून देत होती. पुढच्या आठवड्यात पाटी निघाली. मावशीनं त्यावर एक शब्द काढला नाही. उलट त्या दिवसापासून लिफ्टमध्ये टोपलीखाली प्लास्टिक अंथरायला लागली.

आता ओवीच्या जन्माचं सांगते. माझी मुलगी दीपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर मुलुंडचं. तिला आधीपासून रक्त कमी. दूध घेतलं की उलटी, डाळ बघितली की तोंड फिरवते. खायची ती फक्त मासे. लहानपणापासून तशीच. मथुरामावशीनं तिला चाळीच्या ओट्यावर रांगताना पाहिलेलं, त्यामुळे दीपा आल्याचं कळल्यावर ती टोपलीसकट थेट आत आली आणि तिच्या पोटाकडे बघून म्हणाली, "येऊ दे, येऊ दे. मी हाय."

मुलगी झाली. बाळंतीण घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मावशी मुशी घेऊन आली. मुशी म्हणजे तो छोटा शार्क. आमच्या मालवणकडे तिला मोरी म्हणतात. ओल्या खोबऱ्यात, लसूण-मिऱ्यात तिचं कालवण करून बाळंतिणीला देतात, त्यानं दूध येतं म्हणून. माझ्या सासूनं मला दिलं होतं. मावशीच्या आईनं मावशीला दिलं होतं. यात कुणाला काही विचारायचं असतं असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

"भाव काय?" मी विचारलं.

तिनं भाव सांगितला. मी जरा थांबले. नेहमीच्या मानानं खूप होता.

"बालंतिनीच्या मुशीला घासाघीस करायची नाय," ती म्हणाली. "दुदाला नजर लागते. आनि ही बग, वीतभर मुशी नाय आनली. मोठी आनली. माज्या नातीला बारकी घालू काय?"

मी पूर्ण भाव दिला. पुढेही देत राहिले. दोन-तीन दिवसांआड ती मुशी आणायची, मधल्या दिवशी थोराड सुरमईचा तुकडा. मोठा मासा म्हणजे मान. मांदेली, बोंबील हे आमच्यासारख्यांचं रोजचं खाणं, ते बाळंतिणीच्या ताटात घालणं तिला कमीपणाचं वाटायचं. दीपाला दूध चांगलं यायला लागलं. बाळ पिऊन पिऊन झोपायचं. मावशी दारातून डोकावायची आणि मला खूण करायची, बघ, सांगितलं नव्हतं?

असे काही आठवडे गेले असतील. एका सकाळी दीपा बाळाला मांडीवर घेऊन मोबाईल बघत होती. तिच्या मैत्रिणीनं एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक डॉक्टर सांगत होते की मोठ्या माशांत पारा असतो, शार्कमध्ये तर फारच, पोटुशा आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तो अजिबात खाऊ नये, बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो.

"आई, शार्क म्हणजे तो सिनेमातला ना? मोठा?"

मी मोबाईलमध्ये बघितलं. पाठीवरचा तो उभा पर, ते तोंड. "ही मुशीच की गं," मी म्हणाले. म्हणाले आणि जीभ चावली, पण बोलून झालं होतं.

दीपाचा चेहरा पांढरा पडला. नेमकी तेव्हाच बेल वाजली.

मावशी आत येऊन पाटावर बसली. टोपलीत मुशी होतीच.

"मावशी, तू माझ्या बाळाला पारा पाजलास," दीपा म्हणाली.

"काय पाजला?"

"पारा. मुशीत पारा असतो. पोरांचा मेंदू खराब होतो त्यानं."

मावशी हसली. "तापाच्या कांडीत असतो तो? तो मुशीला कोन घालल गो? समिंदराला ताप आला काय?"

दीपा हसली नाही. तिनं मोबाईल मावशीच्या समोर धरला आणि व्हिडिओ पुन्हा लावला. मावशीनं तो सगळा बघितला. मधले इंग्रजी शब्द तिला कळले नसतील, पण मुशी कळली, बाळाचं चित्र कळलं, मेंदूचं चित्र कळलं. व्हिडिओ संपला तेव्हा ती बाळाकडे बघत होती. मग तिनं फडका ओढला. टोपली डोक्यावर चढवायला मी नेहमी हात लावायची. त्या दिवशी मी पुढे होण्याआधीच तिनं गुडघ्यावर टोपली घेतली, एकटीनं उचलली आणि गेली.

त्यानंतर आमच्या घरात मासे बंद. मुशीच नाही, सगळेच. दीपा म्हणाली, मला भीती वाटते, कुठल्यात काय असेल काय माहीत. जावयानेही फोनवर तेच सांगितलं, बंद म्हणजे बंद. मग ती खायची काय? चहा-टोस्ट, चहा-बिस्किट. रंग उतरला. दूध कमी झालं. बाळ रडायला लागलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती बाळाला तपासत बसायची. कानाशी टाळी वाजवायची आणि बाळ दचकतं का बघायची. डोळ्यांपुढे चमचा फिरवायची. बाळ पेंगुळलेलं असलं की म्हणायची, "बघ आई, बघत नाही. बघत नाही ती."

"झोप आलीय तिला."

"तुला काय माहीत?"

खरंच, मला काय माहीत? मासे दिले तरी भीती, नाही दिले तरी पोरगी माझ्या डोळ्यांसमोर वाळत चाललेली. कुणाला विचारावं तर मला विचारता येत नाही. मी देवासमोर बसायची आणि तिथंही मला शब्द सुचायचे नाहीत.

मथुरामावशी येईनाशी झाली. मला वाटलं, राग धरला. मग एक दिवस दुसऱ्या मजल्यावरच्या शिंदेबाई भेटल्या.

"ती तुमची मासेवाली बरी आहे ना हो डोक्यानं?"

"का हो?"

"काल घरी आली. टोपली नाही, काही नाही. आमच्या ओंकारला समोर उभं केलं आणि विचारते कसं, तेरा सत्ते किती रे? ओंकारला आलं नाही. तर मला बाजूला घेऊन विचारते, हा जन्मापासून असाच हाय काय? मी म्हटलं, नाही हो, मोबाईल घेऊन दिल्यापासून. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला."

मग हळूहळू कळलं. ती घराघरांत जात होती. या वाडीत जेवढ्या बाळंतिणींना तिनं मुशी घातली होती, त्या सगळ्यांची पोरं ती बघत फिरत होती. कुणाला पाढे विचारायची, कुणाला आईचं नाव, कुणाला नुसतं सांगायची, धावून दाखव. एका कॉलेजातल्या मुलीला तर तिनं विचारलं म्हणे, तुला सगळं आठवतं ना गं? ती मुलगी अजून सांगते, मला वाटलं मावशीची उधारी राहिली असेल.

हे ऐकून मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. आम्हाला एका बाळाची भीती होती. तिला किती बाळांची होती!

ओवीला लस टोचायच्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मथुरामावशी. इस्त्रीचं लुगडं, केसांत अबोली, टोपली नाही, हातात स्टीलचा डबा.

"उठा. आज पोरीला टोचायचा दिस हाय ना? मी पन येताव."

दीपानं तिच्याकडे पाहिलं. मग बाळाचं दुपटं उचललं आणि चपला घातल्या. तिघी बाळाला घेऊन रिक्षातून पालिकेच्या दवाखान्यात गेलो. रिक्षावाला सारखं मागं वळून बघत होता. डब्याला वास यायला लागला होता.

आतली डॉक्टरीण तरुण होती. लस टोचून झाली, बाळ रडून झालं. आता विचारायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. दीपाच्या डोळ्यांत नुसतं पाणी. तेव्हा मावशीनं पुढे होऊन डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत एक मांदेली, एक बोंबील, एक बांगडा, एक तारली, दोन कोळंब्या, सुरमईचा एक तुकडा आणि परासकट मुशीचा एक तुकडा. सगळं बर्फावर नीट मांडलेलं. शेजारची नर्स "अय्यो" म्हणून भिंतीला टेकली.

"आजी, हे काय?" डॉक्टरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला.

"बाय, मना दाखव, ह्यात पारा कुटं हाय."

"तो असा दिसत नाही, आजी."

"मग तुमाला कसा दिसला?"

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी रुमाल बाजूला ठेवला, खुर्ची पुढे ओढली. "मशीनवर तपासतात. पण मी घाटकोपरची आहे, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मला यातलं एकही नाव माहीत नाही. आमच्या पुस्तकात इंग्रजी नावं. तुम्ही मला सांगा, हा कोण आहे, किती मोठा होतो आणि काय खातो."

मावशी सांगू लागली. ही मांदेली, बोटाएवढी, चिखलातला किडा-मुंगी खाते, एका वर्षात संपली. हा बोंबील. ही तारली. डॉक्टरीणबाई मोबाईलवर चित्र शोधायच्या, मावशीला दाखवायच्या, मावशी मान हलवायची किंवा म्हणायची, "ही नाय, हिची भैन." बाहेर रांग लागली होती. नर्सही आता जवळ येऊन बघायला लागली.

"आणि ही?"

"ही मुशी. ही समद्यांना खाते."

"बास. हेच सांगायचंय मला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कारखान्यांच्या, कोळशाच्या धुरातून पारा हवेत जातो, तिथून पाण्यात येतो. बारीक जीव तो थोडासा खातात. लहान मासा ते जीव खातो. मोठा मासा असे कितीतरी लहान मासे खातो. पारा शरीरातून लवकर जात नाही, साठत राहतो. जो मोठा, जो वर्षानुवर्षं जगलेला, त्याच्या अंगात जास्त."

मावशीनं डबा पुढे ओढला. मग बोटानं मुशी आणि सुरमई एका बाजूला सरकवली. "म्हंजे मी मान म्हनून दिला तोच वंगाल."

"वंगाळ नाही. एरवी थोडं खाल्लं तर चालतं. पण पोटुशीला आणि पाजणारीला मुशी नको."

"बारकी मुशी? वीतभर?"

"नको, आजी."

"माज्या आयशीनं..."

"त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आता मी तुम्हाला सांगतेय."

मावशीनं मान खाली घातली. मी तिला कुणापुढे मान खाली घालताना पहिल्यांदा पाहिलं. मग दीपानं कसंबसं विचारलं, "पण मॅडम, आधी खाल्लं त्याचं काय?"

डॉक्टरीणबाईंनी बाळाला टेबलावर निजवलं. डोळ्यांपुढून छोटा टॉर्च फिरवला. ओवीनं मान वळवली, पुन्हा वळवली. कानामागे किल्ल्या वाजवल्या. ओवी हात उडवून दचकली. तळव्यावर बोट ठेवलं तर घट्ट धरलं, सोडेचना. मग डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघून जीभ बाहेर काढली आणि ओवी हसली. आत्ताच टोचलेली पोर, गालावरचे अश्रू वाळलेले नाहीत, आणि हसली.

"मला तरी काही वावगं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तू खाल्लंस ते थोडे आठवडे. दुधातून बाळापर्यंत जातं ते त्यातलंही थोडंच. मी शपथेवर काही सांगणार नाही, पण घाबरण्यासारखं नाही. दर लशीला मी हिला नीट बघेन. आता तुझं सांग. तू एवढी पांढरी का दिसतेस?"

"मासे बंद केले."

"सगळे?"

"सगळे."

"मग खातेस काय?"

"चहा-टोस्ट."

डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "अगं बाई, त्यापेक्षा हे वाईट! तुला रक्त नाही, बाळाचा मेंदू वाढायला जे लागतं ते माशांत असतं, आणि तू टोस्ट खातेस? मुशी सोड, थोराड मासा सोड. बाकी हे सगळं," त्यांनी डब्याची दुसरी बाजू दाखवली, "आठवड्यातून दोन-तीनदा खा. बोंबील खा, मांदेली खा, हे काय म्हणालात, तारली, ती खा. मी स्वतः खात नाही, पण तुला लिहून देते."

दीपा रडायला लागली. ते रडणं वेगळं होतं, एवढं मला कळलं. मी ओवीला उचलून दुपट्यात गुंडाळलं. नर्स म्हणाली, "आता तेवढा डबा बंद करा हो आजी."

बाहेर पायरीवर मावशी थांबली. "सुलू, म्हंजे मी वीख नाय दिला."

"नाही गं मावशी."

"पन देत व्हते."

मी तिचा हात धरला. खवल्यांनी खरखरीत झालेला हात. मग ती म्हणाली, "ये दीपे, मना भूक लागली. त्या टेन्शनमदी दोन दिस नीट जेवले नाय. चल, वडा घे." समोरच्या गाडीवर तिघींनी बटाटेवडे खाल्ले. दीपानं दोन खाल्ले. मावशी तिला तिसरा देत होती आणि म्हणत होती, "ह्यात पारा नाय गो, फकस्त बटाटा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मांदेली घेऊन आली. मी पैसे पुढे केले. तिनं हात मागं घेतला.

"मुशीच्या पैशातून कापताव."

"कसले मुशीचे पैसे?"

"बालंतिनीच्या मुशीचे. तुना घासाघीस करू दिली नाय मी. पुरा भाव घेतला. आता पुरा परत."

"मावशी, तू काय मुद्दाम केलंस का?"

"मुद्दाम केला असता तर परत कशाला दिला असता? पलून गेले असते."

मी खूप सांगितलं. म्हणजे माझ्या मानानं खूप. पैसे टोपलीत टाकायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं. शेवटी मी ऐकलं, कारण तिच्या तोंडावरून कळत होतं की हे ती आमच्यासाठी नाही, स्वतःसाठी करते आहे. मग महिनोनमहिने हे चाललं. कधी मांदेली, कधी बोंबील, कधी बांगडे. वाटा ठेवायची, मनातल्या मनात काहीतरी वजा करायची आणि उठायची. दीपाच्या गालावर रंग आला. दूध परत आलं. ओवी दवाखान्यातल्या त्या टॉर्चच्या मागे दर वेळी मान वळवायची, आणि डॉक्टरीणबाई दर वेळी म्हणायच्या, छान.

मावशी मोठे मासे विकायची थांबली नाही. धंदा होता तिचा, आणि सुरमईतच चार पैसे सुटतात. पण दार उघडणाऱ्या बाईच्या पोटाकडे आधी बघायला लागली. समोरच्या टॉवरमधल्या एक बाई सुनेच्या डोहाळजेवणासाठी थोराड सुरमई मागायला खाली आल्या होत्या. मी तिथंच उभी होते.

"सुनंला नाय देनार. मांदेली घ्या."

"मांदेली? डोहाळजेवणाला?" त्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आमच्याकडे पाहुणे येणार आहेत. पैसे नाहीत असं वाटलं का तुम्हाला?"

"पावन्यांना सुरमई न्या की. पन सुनंच्या ताटात मांदेली. सुनंला डाक्टरला विचारायला सांगा. माज्यावर भरोसा ठेवू नका, मी चुकलेली बाई हाय."

हे शेवटचं वाक्य ती अगदी सहज बोलली, भाव सांगावा तसं. त्या बाई फणकाऱ्यानं निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा नोकर येऊन मांदेली घेऊन गेला.

ओवीच्या उष्टावणाला मी मावशीला जेवायला बोलावलं, विकायला नाही. तरी ती फडक्यात दोन बोंबील घेऊन आलीच. स्वतः उकडले, मधला काटा काढला, बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपून बघितलं, मऊ भातात कालवलं आणि दीपाच्या हातात वाटी दिली. "तू दे. तू आयस हायस." दीपा म्हणाली, "नाही, तू दे मावशी." मावशीनं दीपाकडे बघितलं. मग शितभर घास ओवीच्या ओठाला लावला. ओवीनं तोंड वाकडं केलं, विचार केला आणि पुन्हा आ केला.

सगळे हसले. मावशी हसत नव्हती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. कमरेची पिशवी सोडली.

"आता पावसाचं बोटी बंद व्हतील. पावसानंतर मी येनार नाय, सुलू. गुडगं नाय म्हनतान. हे उरल्यालं."

"अगं, राहू दे. पुढे कधीतरी..."

"नाय. पुडचं कोनी बगलाय? हे घे. आता पुरा झाला. तुजं माजं काय नाय."

नोटा माझ्या हातात कोंबून ती दारातून बाहेर पडली. लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्यानं उतरली, कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पाय टाकत. मी वरून बघत होते. ती वळली नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी विचारलं, मावशी, आज काय? आणि ती ओरडली, "आज काय नाय, आज मी पावनी हाय!"

नोटा ओल्या होत्या. त्यांना मासळीचा वास होता. मी त्या खिडकीत वाळत घातल्या, उडू नयेत म्हणून वर लाटणं ठेवलं. दीपानं विचारलं, किती आहेत गं? मी मोजल्या नाहीत. ती म्हणाली होती पुरे झाले, म्हणजे पुरे झाले होते.